पाळण्यातील पाठशाळा

तान्ह्या मुलांच्या शैक्षणिक चित्रफितींविषयी पालकवर्गाचे मत बरेच अनुकूल दिसते. 'आमचे बाळ त्यातूनच शब्द शिकले,' असे आईबाप कौतुकाने सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या साक्षीविषयी. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना अशी एक चित्रफीत चार आठवडे घरोघरी दाखवविली. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ती पाहणारी मुले न पाहणाऱ्यांहून अधिक शब्द शिकली नाहीत. मात्र ज्या पालकांना चित्रफीत आवडली, त्यांना आपले मूल पुष्कळ शिकले असे वाटले! (शिक्षक असताना आवडत्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत आम्हांसही असेच गुण दिसत.) सर्वांत अधिक शब्द शिकली ती चित्रफितीवाचून, आईबापांनीच रोजच्या व्यवहारात शिकविलेली मुले.

पोळ्या होईतो मूल रमावे म्हणून एखादी माउली पडदा लावील, तर तिला आम्ही दोष देणार नाही. मात्र त्या अर्ध्या घटकेस तिने शिक्षण समजू नये. २००९ साली डिस्ने कंपनीने 'बेबी आइन्स्टाइन'च्या चित्रफितींचे पैसे ग्राहकांना परत देऊ केले होते. आज अशा चित्रफिती मोबाइलवर फुकट मिळतात. तेव्हा परत मागावयाचे ते काय आणि कोणाकडे?