मागणीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील किरकोळ व्यापाराविषयी आपले कार्यकर्ते बोलू लागले की चर्चा बहुधा दुकानाच्या दर्शनी भागापाशीच थांबते. मोठे दुकान आले आणि कोपऱ्यावरचा वाणी बुडाला, असे एक जण म्हणतो. ग्राहकाला चार पैसे स्वस्त मिळत असतील तर आपण का रडावे, असे दुसरा विचारतो. दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु दुकानाच्या पाठीमागे, माल मागवण्याच्या पद्धतीत, जो पालट झाला आहे तो अधिक मूलगामी आहे, आणि त्याकडे आपण जवळजवळ पाठ फिरवली आहे.

बारकोड आता इतका परिचयाचा झाला आहे की त्याकडे कोणी पाहत नाही. वुडलँड आणि सिल्व्हर या दोन अमेरिकनांना त्याचे पेटंट 1952 साली मिळाले; त्याच्या आधारे दुकानात पहिली वस्तू विकली गेली ती 26 जून 1974 रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी. ती वस्तू म्हणजे च्युइंगमचे पाकीट! एवढ्या मोठ्या शोधाचा मुहूर्त चघळून थुंकण्याच्या पदार्थाने व्हावा, हे भांडवलशाहीला शोभण्यासारखेच आहे. आपल्याकडे हे क्रमांक देणारी संस्था 1996 साली वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटना यांच्या पुढाकाराने स्थापन झाली; येथे नोंदलेले क्रमांक 890 ने सुरू होतात. या रेषांत किंमत लिहिलेली नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाकिटावर असतो तो केवळ 13 अंकी क्रमांक, आणि त्यातला शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर वाचले गेले की नाही हे पडताळण्यापुरता. किंमत, साठा, विक्रीची तारीख हे सारे दुकानाच्या संगणकात असते. रेषा मुक्या आहेत. बोलतो तो संगणक, आणि तो मालकाशीच बोलतो.

गल्ल्यावर पाकीट यंत्रासमोरून सरकले की साठ्यातून एक नग वजा होतो. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की मागणीपत्र तयार होऊन गोदामाकडे किंवा पुरवठादाराकडे जाते. माल निघाल्याची वर्दी ट्रकच्या आधी पोचते. माल उतरवताना खोक्यावरच्या रेषा पुन्हा वाचून मागणी, आवक आणि बिल यांचा ताळा घातला जातो. पूर्वी याच कामासाठी कंपनीचा फिरता विक्रेता, कारकून आणि आठवडाभराची वाट पाहणे आवश्यक असे. नव्या पद्धतीमुळे मुदत संपून फेकावा लागणारा माल कमी होतो, साठ्यात अडकलेले भांडवल मोकळे होते. ही बचत खरी आहे. यंत्राला नावे ठेवून ती नाकारणे म्हणजे समाजवाद नव्हे.

आपल्या जिल्ह्यात या व्यवस्थेचे कोठार भिवंडीत आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ या गावांत गोदामे उभी राहिली त्यात जकातीचा वाटा मोठा होता. मुंबईच्या नाक्याबाहेर माल साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. थोडा थोडा माल वारंवार पाठवण्याच्या नव्या रीतीला महामार्गालगतची आणि लाखो घरांच्या निकटची हीच जागा हवी होती.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक जुना वाद आठवतो. मागणीचे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, ते कोणत्याही नियोजन मंडळाला गोळा करता येणार नाही, असे हायेक यांनी 1945 साली मांडले. पोलंडचे ऑस्कर लांगे यांचा यावरील लेख त्यांच्या निधनानंतर 1967 साली प्रसिद्ध झाला. जे काम बाजार चाचपडत करतो ते संगणक क्षणात करील, असे त्यांचे प्रतिपादन होते. लांगे यांचे म्हणणे निम्मे खरे ठरले आहे. डोंबिवली पूर्वेला पुढच्या आठवड्यात किती तूरडाळ लागेल, हे आज संगणकावर मांडता येते; फक्त ते मांडते कंपनी. देशाने 2015 च्या आरंभी नियोजन आयोग मोडीत काढला, आणि त्याच सुमारास खाजगी कंपन्या आपापल्या घरात नियोजन अधिकाधिक पक्के करीत होत्या.

या नियोजनाची किंमत कोण मोजतो, ते पाहू. डी-मार्टचे पहिले दुकान 2002 साली पवईत निघाले. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात सवलत मिळवण्याबद्दल ही कंपनी ओळखली जाते. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या लहान दुकानदाराजवळ ना तेवढे रोख भांडवल, ना तो आकडा. त्याच्या हाती कंपन्यांनी माल मागवण्याची आपापली अॅपे दिली आहेत. हिंदुस्थान युनिलिव्हरचे ‘शिखर’ हे त्यांतले परिचित नाव. सोय आहे खरी, परंतु त्याच्या दुकानाची चाल दरमहा कंपनीला कळते, त्याला मात्र कंपनीचे काहीच कळत नाही. 2021 च्या अखेरीस वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने तक्रार केली, की ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना त्यांच्याहून स्वस्त दराने माल मिळतो. 2022 च्या प्रारंभी महाराष्ट्रात काही वस्तूंचा पुरवठा थांबवण्यापर्यंत प्रकरण गेले.

आणि हमाल? 1969 च्या माथाडी कायद्याने अंगमेहनत करणाऱ्याला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी दिला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील मोठा लढा होता. आजच्या गोदामातील कंत्राटी कामगाराच्या हातात रेषा वाचणारे यंत्र असते, आणि ते मालाबरोबर त्याचीही मोजदाद करते: तासाला किती नग, मध्ये किती वेळ थांबला. लक्ष्य पुरे होईपर्यंत पाणी-लघवीसाठी थांबणार नाही अशी शपथ हरियाणातील मानेसर येथील अॅमेझॉनच्या गोदामात घ्यायला लावल्याच्या बातम्या 2024 साली आल्या, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली.

यावर आपल्यापाशी स्वतःचे असे काहीच नाही, ही समजूत चुकीची आहे. अपना बाजार 1948 साली नायगावच्या कामगार वस्तीत उभा राहिला. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत जे करीत आली आहे ते तर या विषयाच्या गाभ्यालाच भिडते. शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी लिहून देतात, त्या बेरजेवर घाऊक खरेदी होते आणि वाटप सभासद, त्यांतही मुख्यतः स्त्रिया, स्वतः करतात. ठाण्या-डोंबिवलीची मध्यमवर्गीय घरे या पद्धतीशी चांगली परिचित आहेत. येथे मागणीचे ज्ञान ज्याचे त्याच्याच हाती राहते, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरली. उणीव एवढीच, की ही चळवळ नोकरदारांच्या पगारी घरांत रमली. रोज पाव किलो डाळ उधार नेणाऱ्यापर्यंत ती पोचली नाही. तो आजही वाण्याच्या वहीत आहे.

म्हणून वाण्यांच्या संघटना आणि ग्राहक संघ यांची सामाईक मागणी-नोंद हवी, आणि तिच्या संगणकाचा खर्च सहकार खात्याने उचलावा. मुरबाड-शहापूरच्या भातउत्पादक सोसायट्यांना 890 चे क्रमांक मिळवून त्या नोंदीत आणावे. केंद्राच्या पुढाकाराने 2021 च्या अखेरीस स्थापन झालेले खुले डिजिटल व्यापारजाळे येथे उपयोगी पडेल, पण जाळे खुले असून भागत नाही. त्यात उतरण्याजोगे भांडवल आणि माल हाती असावा लागतो. गोदामातील यंत्राने कामगारावर ठेवलेली नोंद त्याला व त्याच्या युनियनला पाहता यावी, ही मागणी वेगळी करू नये; आकडा कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आपल्या जिल्हा शाखेने वाणी, ग्राहक संघाच्या कार्यकर्त्या आणि भिवंडीचे गोदाम कामगार यांची एकत्र बैठक आजवर कधी बोलावलेली नाही. येत्या पावसाळ्याआधी ती कल्याणला घ्यावी.