शब्दांशी गट्टी : पिव्हटल



‘महत्त्वाचा’ म्हणायला इंग्रजीत ‘इम्पॉर्टंट’ सोडून दुसरा शब्द सांगा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पत्रातून विचारलं होतं. निबंधात एकाच पानावर सहा वेळा ‘इम्पॉर्टंट’ आलं, की लिहिणाराही कंटाळतो आणि तपासणाराही! म्हणून आज एका नव्या शब्दाशी गट्टी करू या. शब्द आहे ‘पिव्हटल’. काही जण याला ‘पायव्होटल’ म्हणतात, ते चुकीचं. जोर ‘पि’वर द्यायचा, पुढचं हलकेच म्हणायचं : पिव्हटल.

आता याचा अर्थ. त्यासाठी शब्दकोश नको, भोवरा आणा. भोवऱ्याच्या टोकाला लोखंडी आर असते ना? सगळा भोवरा गरगर फिरतो तो त्या एवढ्याशा आरेवर. आजीच्या जात्यातही खालच्या दगडाच्या मधोमध एक खुंटी असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. ज्याच्यावर किंवा ज्याच्याभोवती एखादी वस्तू फिरते, त्याला इंग्रजीत म्हणतात ‘पिव्हट’. हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला. त्यावरूनच ‘पिव्हटल’ हे विशेषण तयार झालं. ज्या घटनेवर किंवा निर्णयावर पुढची सगळी गोष्ट फिरते, वळते, ती घटना पिव्हटल.

म्हणजे बघा, ‘महत्त्वाचं’ आणि ‘पिव्हटल’ हे काही एकच नव्हे. प्रत्येक पिव्हटल गोष्ट महत्त्वाची असते. पण प्रत्येक महत्त्वाची गोष्ट पिव्हटल नसते.

आमच्या लोणंदचंच उदाहरण देतो. पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे लोणंदवरून जाते. इथूनच एक फाटा फलटणला जातो. गाडीला इंजिन महत्त्वाचं, डबे महत्त्वाचे, सिग्नलही महत्त्वाचा. पण गाडी साताऱ्याच्या बाजूला जाणार की फलटणच्या, हे ठरतं सांध्यावर. सांध्याचा रूळ सरकतो तो जेमतेम वीतभर. त्या जागी दोन्ही वाटा एकमेकींना खेटून असतात. पण पुढे गेल्यावर? एक गाडी कुठल्या कुठे आणि दुसरी कुठल्या कुठे! पिव्हटल क्षण असाच असतो. दिसायला छोटा, पण त्याच्यापुढे वाट बदललेली.

एखादी घटना पिव्हटल आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ती घटना गोष्टीतून काढून टाकून पाहा. गोष्ट पुढे तशीच चालली, तर घटना फार तर महत्त्वाची. गोष्टीची दिशाच बदलली, तर ती पिव्हटल.

ही युक्ती आधी क्रिकेटवर चालवू. 25 जून 1983, लॉर्ड्सचं मैदान, विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत सर्वबाद 183. एवढ्या धावा वेस्ट इंडीजला म्हणजे किस झाड की पत्ती! व्हिव्ह रिचर्ड्स तर नुसता झोडपत सुटला होता. 33 धावांवर त्यानं मदनलालच्या चेंडूवर उंच फटका मारला आणि कपिलदेवनं मागे पळत जाऊन तो झेल टिपला. पुढे वेस्ट इंडीजचा डाव 140 धावांत आटोपला. आता तो झेल काढून टाका. रिचर्ड्स आणखी तासभर खेळला असता तर? म्हणून आपण म्हणतो : ‘द कॅच वॉज अ पिव्हटल मोमेंट इन द मॅच.’

आता इतिहास. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखानाचा पाडाव झाला आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत पन्हाळा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. स्वराज्य मोडायला आलेली फौज मोडली आणि स्वराज्य उलट वाढलं. ही घटनाही पिव्हटलच. ‘मोमेंट’, ‘इव्हेंट’, ‘डिसिजन’, ‘रोल’ या चार शब्दांबरोबर पिव्हटल छान जमतो. त्याच्याआधी ‘व्हेरी’ मात्र लावू नका. भोवऱ्याला आर असते किंवा नसते, ‘फार आर’ असं काही नसतं!

याची दोन भावंडंही पाहून घ्या. एक ‘क्रुशल’. हा लॅटिनमधल्या ‘क्रूस’च्या अर्थाच्या शब्दावरून आला. चौकात वाटा दाखवणारा खांब असतो ना, तो डोळ्यांपुढे आणा. इकडे की तिकडे, हे ठरवायची वेळ म्हणजे क्रुशल. दुसरा ‘क्रिटिकल’. त्याचं मूळ ग्रीक आणि अर्थ निवाडा करणं. दवाखान्यात ‘पेशंट क्रिटिकल आहे’ म्हणतात, म्हणजे जीव कुठल्याही बाजूला झुकू शकतो. या दोघांत काळजी आहे, घाई आहे. पिव्हटल तेवढा घाबरवत नाही. तो शांतपणे सांगतो, गोष्ट इथं वळली.

आता एक अवघड उदाहरण, त्यात तुमचीच परीक्षा. सावित्रीबाई फुले आमच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जन्म 3 जानेवारी 1831. वयाच्या नवव्या वर्षी, 1840 मध्ये, जोतीरावांशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जोतीरावांनी त्यांना शिकवलं. पुढे 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. लोक चिडले. त्यांच्यावर शेण-चिखल फेकला गेला, असं सांगतात. लोकांच्या दडपणामुळे 1849 मध्ये सासऱ्यांनी सांगितलं, शाळा तरी सोडा नाहीतर घर तरी. दोघांनी घर सोडलं.

सांगा पाहू, यातली पिव्हटल घटना कोणती?

आमच्या चौथीच्या वर्गात यावर चांगलंच भांडण जुंपलं. एक जण म्हणाला, “गुरुजी, लग्न! लग्न झालं नसतं तर त्या पुण्याला गेल्याच नसत्या.” दुसरी म्हणाली, “लग्नं तर तेव्हा सगळ्याच मुलींची व्हायची. त्या सगळ्या कुठं शिक्षिका झाल्या? पाटी हातात आली तीच पिव्हटल.” मागच्या बाकावरून तिसरी उठली. “पाटी मिळाली खरी, पण घर सोडा म्हटल्यावर त्यांनी शाळा सोडली असती तर? मग काय उपयोग?”

मला विचाराल, तर दुसरी आणि तिसरी, दोघीही बरोबर. पाटी हातात आली तेव्हा एक सांधा बदलला. घर सोडलं तेव्हा दुसरा. फरक एवढाच, की पाटी हाती आली त्या दिवशी यातून पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्षर गिरवायचा एक साधा दिवस तो! घर सोडताना मात्र दोघांना पक्कं ठाऊक होतं, की आता जे ठरेल त्यावर पुढचं सगळं ठरेल. काही पिव्हटल क्षण मागे वळून पाहिल्यावर कळतात, काही समोर उभे असतानाच कळतात.

तुम्हाला घरीदारी सगळे सांगतात, दहावीची परीक्षा म्हणजे आयुष्याचा टर्निंग पॉइंट. परीक्षा महत्त्वाची आहेच, अभ्यास करा. पण चार मार्क कमी पडले म्हणून गाडी रुळावरून उतरत नाही. मला विचाराल तर खेड्यापाड्यातल्या मुलीच्या आयुष्यातला सांधा त्याच्या कितीतरी आधी येतो. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला दुसऱ्या गावी जायचं. पायी लांब पडतं, सोबत नाही, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. मग जूनमध्ये एके दिवशी घरात कुणीतरी म्हणतं, “राहू दे आता, पुरे झालं.” किंवा म्हणतं, “जाऊ दे तिला.” दोन-तीन शब्दांचं वाक्य, पण गाडी कुठं जाणार ते तिथंच ठरतं. पाचवीपासून पुढे मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. तुमच्या शेजारी अशी एखादी मैत्रीण असेल, तर तिच्या घरी हे जरूर सांगा. सोबत नाही म्हणून अडलं असेल, तर तिची सोबत व्हा. सांधेवाला काही फार ताकदवान लागत नाही, तो वेळेवर जागेवर हवा!

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला, म्हणजे आजीला, पणजीला किंवा मोठ्या काकूला विचारा, “तुम्ही कितवीपर्यंत शिकलात? पुढे का गेलात किंवा का थांबलात?” त्या गोष्टीतला पिव्हटल क्षण शोधा. पाच ओळी मराठीत लिहा आणि शेवटी एकच वाक्य इंग्रजीत, ज्यात आजचा शब्द यायला हवा. ‘काढून पाहा’ची युक्ती आधी करून पाहायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात भेटू एका नव्या शब्दाबरोबर. तोपर्यंत भोवरा फिरता ठेवा!

तुमचे,
गुरुजी, लोणंद