दिवेलागणीचा फोटो

गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब जोधपूरला जायचे ठरवले. हिंगोलीत अशी बातमी तिकिटे हातात पडण्याआधीच गल्लीभर होते. त्याच संध्याकाळी शेजारचे काकाजी काठी टेकीत आले. काकाजींचे आजोबा मूळचे जोधपूरचे. एका व्यापारी कुटुंबाबरोबर स्वयंपाकी म्हणून ते मराठवाड्यात आले आणि कयाधूच्या काठी इथलेच होऊन गेले. मीटरगेजच्या काळात मीनाक्षी एक्स्प्रेस हिंगोलीहून थेट जयपूरपर्यंत जात असे. काकाजींनी तिच्यात कित्येकांना बसवून दिले, पण स्वतः काही ते चढले नाहीत. आधी दुकान आडवे आले, मग मुलींची लग्ने, आणि आता काचबिंदू.

"सर, एक काम करा," ते म्हणाले. "टेकडीवरून आमच्या ब्रह्मपुरीचा एक फोटो काढून आणा. पण दिवेलागणीचा, बरं का! आजोबा सांगायचे, दिवे लागले की वरून आपलं घर दिसतं."

काम सोपे होते. निदान हिंगोलीत बसून तसे वाटले.

थरच्या वाळवंटाच्या काठावरचे हे शहर राव जोधाने १४५९ साली वसवले. मेहरानगड किल्ला शहरापासून सुमारे चारशे फूट उंच खडकावर बसला आहे आणि ब्रह्मपुरी त्याच्या पायथ्याशी. तिथली घरे निळी. ब्राह्मणांच्या घरांची ही खूण, असे कुणी सांगतो; चुन्यातल्या निळीने वाळवी लागत नाही आणि घर थंड राहते, असे दुसरा सांगतो. मला मात्र आमच्या आईची आठवण झाली. दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचा, तर त्यात ती चिमूटभर नीळ टाकायला विसरत नसे. आम्ही चिमटीने टाकली, ह्यांनी मुठीने, एवढाच काय तो फरक!

ब्रह्मपुरी आणि किल्ला दोन्ही दिसावेत म्हणून पचेटियाच्या टेकडीवर चढलो. पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडाला. आजूबाजूच्या निम्म्या मंडळींनी कॅमेरे पिशवीत घातले आणि ती उतरू लागली. खरा फोटो इथूनच सुरू होतो, हे मी पुस्तकात वाचून गेलो होतो. सूर्यास्तानंतर उजेड वातावरणातून फार तिरपा आणि लांबचा प्रवास करून येतो. वर ओझोनचा थर असतो. तो पिवळ्या-नारिंगी छटा शोषून घेतो आणि निळी मागे ठेवतो. संध्याकाळच्या आभाळाच्या निळाईचे हे कारण हल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ साली दाखवून दिले. हा सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. आधी काढावा तर दिवे फिके, नंतर काढावा तर घरे गायब. आभाळाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड तोलात येतात ती घटका साधायची.

त्यात कॅमेरा हा अतिशहाणा प्राणी! त्याला संध्याकाळ ठाऊकच नसते. अंधारले की तो आपला उजेड वाढवून दुपार करून ठेवतो. म्हणून एक्स्पोजर हाताने कमी करावे लागते. तिपाईवर कॅमेरा ठेवून, श्वास रोखून मी फोटो काढले. खाली एकेक खिडकी उजळत होती. निळ्या भिंती निळ्या आभाळात मिसळत होत्या आणि किल्ला वर काळोखत उभा होता. एक फोटो खरोखरच साधला. त्या आनंदात शेवटच्या फोटोला एक्स्पोजर फारच उतरवले गेले. तो निघाला काळाकुट्ट, त्यात नुसते पिवळे ठिपके. "तो पुसून टाक," असे मी मुलीला सांगितले.

परत आल्यावर साधलेला फोटो मोठ्या आकारात छापून, चौकटीत बसवून काकाजींकडे नेला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "छान आहे हं," ते म्हणाले. पण त्यांची नजर चौकटीच्या बाहेरच कुठेतरी होती. निळ्यावर निळे, त्यावर करडे. ज्या नाजूक छटांसाठी मी श्वास रोखला होता, त्या त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. काचबिंदू आधी नेमक्या अशाच पुसट छटा काढून घेतो, हे मला पुस्तकात शोधायचे सुचले नव्हते.

मुलगी मुकाट्याने उठली, घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आली. तिने तो काळाकुट्ट फोटो पुसला नव्हता. तिने पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला आणि लॅपटॉप काकाजींच्या मांडीवर ठेवला.

काकाजी पुढे झुकले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"दिवे!" ते एकदम म्हणाले. "केवढे दिवे, सर!"

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. पंधरावर चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. शेवटी डावीकडच्या एका मोठ्या ठिपक्यावर त्यांचे थरथरते बोट थांबले.

"हे आमचं घर."

तो रस्त्यावरचा खांबाचा दिवा होता. त्याच्याच खाली उभे राहून आम्ही रिक्षा ठरवली होती. वीस वर्षे मी पोरांच्या चुका लाल शाईने खोडीत आलो आहे.

"हो काकाजी," मी म्हणालो, "तेच."