मेळाव्याला कोण आले नाही?

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. सध्या तो मिरचीच्या हंगामात आला आहे. भिवापूर परिसरात या दिवसांत लाल मिरचीची वाळवणे पडलेली असतात, सातऱ्यांवर बाया देठ खुडत बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने नुकतीच आटोपलेली असतात. परीक्षा तोंडावर येण्याआधी एखादा रविवार गाठून माजी विद्यार्थ्यांचे मेळावेही उरकले जातात. त्यामुळे एकाच मोबाइलवर दोन निमंत्रणे येऊन पडतात. एक इफ्तारचे, दुसरे जुन्या वर्गमित्रांच्या भेटीचे.

दोन्हीकडे माणसे जमतात आणि सोबत जेवतात. पण मोहल्ल्यातल्या मशिदीत इफ्तारच्या ओळीत नेहमीच्या जागी एखादा म्हातारा दिसला नाही, तर मगरिबच्या नमाजनंतर त्याची चौकशी होते. कोणी त्याच्या घरी डोकावतो, कोणी पोराच्या हाती ताट पाठवतो. मेळाव्यात मोजले जातात ते फक्त आलेले. किती जण जमले, कोण पुण्याहून आला, कोण थेट दुबईहून आला, याची चर्चा होते. न आलेल्यांचा विषय निघालाच, तर ‘त्याचा नंबरच नाही न बे कोणाजवळ’ एवढ्यावर संपतो. मेळावा किती चांगला झाला, हे खरे तर याच प्रश्नावर ठरायला हवे. कोण आले नाही आणि का?

मेळावे वाईट आहेत असे कोणीच म्हणणार नाही. उलट भिवापूरसारख्या गावाला त्यांची गरज मोठ्या शहरापेक्षा अधिक आहे. नांद, बेसूरसारख्या गावांतून इथे शिकायला आलेली कित्येक मुले त्यांच्या घरातली कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. आज चाळिशी ओलांडलेल्यांना नागपूर-नागभीड मार्गावरची नॅरोगेज गाडी आठवते. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. तिची धिमी चाल, दाराशी बसून केलेला अभ्यास, डब्यातली अदलाबदल, यावर मेळाव्यात तासभर गप्पा होऊ शकतात. त्या डब्यात आणि वर्गातल्या बाकावर कुणबी, तेली, माना, बौद्ध, मुसलमान अशी सगळ्या घरांची मुले मांडीला मांडी लावून बसत. पुढे लग्ने आपापल्या जातीत झाली, घरे आपापल्या वस्तीत राहिली. आता एकमेकांच्या दारात जाणे होते ते लग्नाची पत्रिका द्यायला, मयतीला किंवा मते मागायला. कोणत्याही कामाशिवाय पुन्हा एका पंगतीत बसण्याचा प्रसंग म्हणजे हा मेळावा. म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत हे मेळावे वाढले, त्याला दोन कारणे आहेत. पहिले मोबाइल. वर्षानुवर्षे न भेटलेली माणसे एका गटात आठवडाभरात जमा होतात. दुसरे कारण सरकारी कागदाचे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या कसोट्यांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हाही एक भाग आहे. त्यामुळे माजी विद्यार्थी संघटना नोंदवणे, तिच्या बैठका घेणे आणि त्यांचा अहवाल ठेवणे हे महाविद्यालयांच्या कामात बसले. त्यातून काही ठिकाणी खरोखर चांगले काम उभे राहिले. काही ठिकाणी मात्र मागे फलक, पुढे सही करायचे रजिस्टर, शाल-श्रीफळ आणि एक सामूहिक छायाचित्र एवढेच उरले.

त्यात आता आणखी एक प्रकार आला आहे. गाव सोडून गेलेले आपापल्या शहरात वेगळे जमतात. नागपूरचे नागपुरात, पुण्याचे पुण्यात. यात गैर काहीच नाही. परक्या शहरात गावची बोली कानावर पडली तरी जीव सुखावतो. पण हळूहळू मुख्य मेळावाही गावाबाहेरच्या हॉटेलात किंवा रिसॉर्टमध्ये सरकतो. वर्गणी दीड-दोन हजार ठरते, त्यात टी-शर्ट आणि फेटा आला. ज्याने शहरात घर केले त्याला ती रक्कम जाणवत नाही. जो भिवापुरातच राहिला, शेती किंवा छोटी टपरी सांभाळतो, त्याच्यासाठी तेवढ्यात घरचा आठवड्याचा बाजार होतो. तो ‘पैसे नाहीत’ असे सांगत नाही. ‘त्या दिवशी सोयरिकीत लग्न आहे’ असे सांगतो, आणि सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात.

भारतात माजी विद्यार्थ्यांच्या गावोगावच्या जमण्याची जुनी आणि ठळक परंपरा अलीगढची आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये तिथे शाळा काढली, दोन वर्षांनी तिचे कॉलेज झाले आणि १९२० मध्ये विद्यापीठ. सर सय्यद यांचा जन्मदिवस १७ ऑक्टोबरचा. त्या दिवशी दिल्लीपासून आखाती देशांपर्यंत आणि अमेरिकेपर्यंत, जिथे जिथे अलीगढचे जुने विद्यार्थी आहेत तिथे ते एकत्र जेवतात आणि विद्यापीठाचा तराना म्हणतात. हे जेवण जगभर माहीत आहे. त्यामानाने कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, १८९० च्या सुमारास याच कॉलेजात ‘ड्युटी सोसायटी’ नावाची संस्था सुरू झाली. ऐपत नसलेल्या मुलांची फी भरता यावी म्हणून पैसा गोळा करणे हे तिचे काम. संस्थेच्या नावातच ‘कर्तव्य’ होते. म्हणजे अलीगढच्या परंपरेत जेवणाच्या पंगतीबरोबर गरीब मुलाच्या फीचीही काळजी होती.

मोठ्या संस्थांत आज हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. मुंबईच्या आयआयटीला २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी ३१५ कोटी रुपये दिले. त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीने आपल्या रौप्यमहोत्सवी भेटीत ५७ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. भिवापूरच्या मेळाव्याने या आकड्यांकडे पाहून खट्टू होऊ नये. इथली गरज वेगळी आहे. राज्यात मुलींना बारावीपर्यंत एसटीचा शालेय प्रवास मोफत आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला आली की त्याच मुलीला पास काढावा लागतो. विद्यार्थ्यांना सवलत मिळते, तरी दर महिन्याला रोख पैसे हातात लागतात. मजुरीच्या घरात अशा लहान रकमेवरूनच ‘आता पुरे झाले शिक्षण’ हा निर्णय होतो. परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यातही तेच घडते. ही गळती थांबवायला कोटी लागत नाहीत. पन्नास माणसांनी फेट्याचे पैसे बाजूला ठेवले तरी काही मुलींचे वर्ष वाचते.

आता न आलेल्यांकडे वळू. यादीत पहिली नावे त्यांची, ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले. मेळावा ‘माजी विद्यार्थ्यांचा’ असला तरी बोलावणे जाते ते पास होऊन गेलेल्यांना. बारावीला नापास झालेला, बाप गेल्यामुळे दुसऱ्या वर्षी नांगर धरलेला, हाही त्याच बाकावर बसला होता. दुसरी नावे मुलींची. लग्नानंतर आडनाव बदलले, गाव बदलले, फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती गेला. वर्गातल्या मुलांचे नंबर दोन दिवसांत मिळतात, मुलींचे मिळत नाहीत, आणि मग गटात पुरुषच पुरुष उरतात. कदाचित त्यांतलीच एखादी गावातल्याच सातऱ्यावर देठ खुडत बसलेली असेल. मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, भिवापूरचे नाव देशभर गेले. तिचा रोज मात्र किती किलो खुडली यावरच ठरतो. रविवारचा रोज बुडवून ती मेळाव्याला कशी येणार?

तिसरे कारण त्यामानाने किरकोळ, पण या महिन्यापुरते बोलायलाच हवे. दुपारी एक वाजता स्नेहभोजन ठेवले की रोजा असलेले वर्गमित्र आपोआप बाजूला पडतात. कोणी मुद्दाम करत नाही. तारीख ठरवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी मुसलमान मित्रांनीही मनात कुढत बसण्यापेक्षा मोकळेपणाने सांगावे. कार्यक्रम दुपारी चारला ठेवा, सूर्य मावळला की सगळे मिळून खजूर खाऊ आणि मग जेवू. रोजा नसलेल्या मित्राला एवढी वाट पाहण्यात अडचण वाटत नाही. उलट इफ्तार म्हणजे नेमके काय, हे त्याला पहिल्यांदाच जवळून दिसते. एखाद्याचा चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास असेल तर त्याचीही हीच काळजी घेतली जावी.

हे सारे सांगताना मुस्लिम समाजाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. इफ्तारच्या नावाने होणाऱ्या पार्ट्यांत पुढाऱ्यांसाठी समोर सोफे मांडले जातात, कॅमेरे त्यांच्याकडे वळतात आणि दिवसभर हमाली करून रोजा ठेवणारा मागच्या सतरंजीवर बसतो. मदतीचे शिधावाटप करताना घेणाऱ्याचा चेहरा मोबाइलवर टिपला जातो. कुराणाची शिकवण अशी आहे की, उघडपणे दिलेले दान चांगलेच, पण गुपचूप गरजूच्या हाती पडलेले अधिक चांगले. ही शिकवण दस्तरखानावर विसरली जात असेल, तर मेळाव्याला उपदेश करण्याचा अधिकार कमी होतो. चूक दोन्हीकडे एकच आहे. जमलेल्यांचा थाट मोठा होतो आणि ज्याच्यासाठी जमायचे तो मागे पडतो.

रमजानकडून मेळाव्याने काही घ्यायचे असेल तर ती जकातची पद्धत. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहते, त्याने त्यातला अडीच टक्के भाग काढून द्यायचा असतो. इथे मनाला वाटेल तेवढे देणे नसते, आधी हिशेब असतो. दुसरे म्हणजे हा पैसा उपकार समजला जात नाही. श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क असतो आणि तो त्याला पोहोचवायचा असतो, अशी त्यामागची समजूत आहे. आणि सुरुवात जवळच्या माणसांपासून, नात्यागोत्यापासून आणि शेजाऱ्यापासून करायची असते. जकातचा पैसा बहुतेक उलेमांच्या मते गरजू मुसलमानांसाठीच असतो. त्यामुळे सर्वधर्मीय निधीत तो मिसळण्याचा आग्रह नको. ऐच्छिक दान, म्हणजे सदका, मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो. मेळाव्याचा निधी अशा पैशातून उभा राहू शकतो. वर्षातून एकदा हिशेब, ठरलेला वाटा आणि तोही बिनबोभाट, ही रीत कोणत्याही धर्माच्या माणसाला परकी वाटू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. माणसे वर्षातून एकदा हसायला, जुन्या खोड्या आठवायला येतात, तिथे गरिबी आणि वर्गणीचे हिशेब कशाला? आक्षेप खोटा नाही. मेळाव्याची सभा करून टाकली तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही. पण वर्गणी ‘ज्याला जमेल तेवढी’ ठेवली आणि ती एका विश्वासू माणसाकडे बंद पाकिटात दिली, तर हसण्यात खंड पडत नाही. कोणी किती दिले हे फलकावर लागत नाही, कोणी दिले नाही हेही कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. मागे राहिलेल्याला बोलावले तर त्यालाच अवघडल्यासारखे होईल. तेही खरे. मात्र हे अवघडलेपण व्यासपीठावरून ‘यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार’ ठेवल्याने येते, चटईवर शेजारी बसल्याने येत नाही. सत्कार हवाच असेल तर जुन्या शिक्षकांचा करावा, शिपाईकाकांचा करावा. इतरांनी आपापली ओळख सांगताना पद आणि पगार बाजूला ठेवून नुसते नाव आणि बाक सांगावा.

त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. वर्षातून एक भेट भिवापुरातच, कॉलेजच्या आवारात व्हावी. नागपूर-पुण्याच्या वेगळ्या भेटी सुरू राहाव्यात, पण त्यांचा शिल्लक पैसा गावातल्या निधीत यावा. रजिस्टरमध्ये आलेल्यांच्या सह्यांशेजारी न आलेल्यांचाही एक रकाना असावा. नाव, शेवटचा माहीत असलेला पत्ता आणि त्यांना शोधण्याची जबाबदारी कोणाची, एवढे त्यात लिहिले तरी पुरे. मुलींचा शोध घ्यायचे काम वर्गातल्या मुलींकडे द्यावे. माहेरच्या माणसांशी त्यांना सहज बोलता येते. आणि मिरचीचा हंगाम संपल्यावरची तारीख धरावी, म्हणजे रोज बुडायचा प्रश्नच येत नाही.

ईदला अजून दिवस आहेत. त्या दिवशी शिरखुर्मा प्यायला येणाऱ्या मित्रांत दरवर्षी तेच चेहरे असतात. यंदा बोलावणे करताना जुन्या हजेरीपटातली दहा विसरलेली नावे तरी काढावीत आणि ती माणसे आज कुठे आहेत, हे विचारायला सुरुवात करावी.