बूट घातले म्हणजे झालं?

फोर्क बूट विकणाऱ्यांचं पालुपद ठरलेलं: "लावा आणि विसरा, साहेब!" साफ चुकीचा सल्ला. मी ३ वर्षं विसरलो. ताम्हिणी घाट उतरताना पुढचा ब्रेक लागेचना, तेव्हा आठवण झाली.

वरची पट्टी सैल होती. पावसाचं पाणी आणि बारीक माती आत जाऊन मुरली, पाइपच्या क्रोमवर गंजाचे खड्डे पडले, त्यांनी ऑइल सील खरवडलं. तेल बुटात साठत गेलं आणि एक दिवस ओघळून थेट डिस्कवर! उघड्या फोर्कवर निदान दिसलं तरी असतं.

म्हणून बूट काढूनच टाका म्हणणारेही आहेत (पाइप चमकतो म्हणे). आपल्याकडच्या चिखलात? असो.

घेताना वरच्या पाइपचा आणि खालच्या नळीचा व्यास मोजा, आणि लांबी मात्र पुढचं चाक अधांतरी ठेवून, फोर्क पूर्ण ताणलेला असताना. नाहीतर गाडी उसळली की बूट निसटलाच. हवेची भोकं हवीतच, ती मागच्या बाजूला ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पट्ट्या सोडून बूट वर सरकवा, पाइप ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. रबराला पेट्रोल लावू नका. चीर दिसली की बूट बदला. टाकी पॉलिश करायला २ तास मिळतात, मग याला १० मिनिटं नाहीत?