फोन नव्या कंपनीवर आला की गर्दी होते, पण ती टिकते का? नांदेड-लातूरच्या गावातला हिशोब

बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं. ओडिशातल्या झारसुगुडा इथून पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, ९७ हजार ५०० हून जास्त टॉवरचा आकडा सांगितला गेला. तेव्हापासून मुखेड-कंधार असो की निलंगा-जळकोट, मोबाईलच्या दुकानात एक प्रश्न हमखास निघतो. हातातला फोन तोच ठेवून कंपनी बदलली तर परवडतं का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर मागच्या आठ-नऊ वर्षांत दडलेलं आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. नेट फुकट, बोलणं फुकट. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले. पण खेड्यात एक अडचण होती. जिओ फक्त ४जीवर चालायचं अन् आपल्याकडं बहुतेकांच्या खिशात बटणाचा २जी फोन. सिम फुकट मिळून काय उपयोग, टाकायचं कशात? म्हणून कंपनीनं २१ जुलै २०१७ ला जिओफोन जाहीर केला. १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. २४ ऑगस्टला ५०० रुपये भरून बुकिंग सुरू झालं अन् दोन-तीन दिवसांत साठेक लाखांवर जाऊन थांबवावं लागलं.

आता हे १५०० रुपये शेतकऱ्याच्या मापात मोजू. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव बोनससकट ३०५० रुपये होता. म्हणजे फोन अर्ध्या क्विंटलचा. अर्धा क्विंटल माणूस काढून देतो, त्याला मोठं वाटत नाही. पण महिन्याचं रिचार्ज १५३ रुपयांचं होतं. २८ दिवसांचा महिना धरला तर वर्षात १३ रिचार्ज, १९८९ रुपये. फोनच्या अनामतीपेक्षा वर्षाचं रिचार्ज जास्त! शिवाय अनामत परत हवी तर वर्षाला किमान १५०० रुपयांचं रिचार्ज करायची अट. फोनात दुसऱ्या कंपनीचं सिम चालायचं नाही. दावणीला बांधल्यासारखा प्रकार. जानेवारी २०१८ मध्ये ४९ रुपयांचं पॅक आलं, जुलैत जुना फोन देऊन ५०१ मध्ये नवा फोन मिळू लागला, सप्टेंबरात त्यावर व्हॉट्सॲप आलं. तेव्हा कुठं तो फोन वाड्या-तांड्यांवर पोचला.

पुढं ४ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीत, जिओफोन नेक्स्ट आला. किंमत ६४९९ रुपये. त्या साली सोयाबीनचा हमीभाव ३९५० होता, म्हणजे दीड क्विंटलच्या वर माल. जाहिरात मोठी झाली, पण २०१७ सारखी झुंबड उडाली नाही. त्या पैशात थोडी भर घातली की कोणतंही सिम चालणारा फोन बाजारात मिळत होता. मग बांधून कोण घेईल?

परदेशातही असंच झालेलं आहे. अमेरिकेत आयफोन २००७ पासून एटीअँडटी या एकाच कंपनीवर मिळायचा. १० फेब्रुवारी २०११ ला तो व्हेरायझनवर आला. आगाऊ नोंदणी जोरात झाली, पण दुकानापुढं वाटल्या होत्या तेवढ्या रांगा लागल्या नाहीत. तिकडं कंपनीशी दोन वर्षांचा करार असायचा, मधेच सोडला तर दंड. मन झालं तरी माणूस लगेच हलू शकत नव्हता.

आपल्याकडं तसा करार नाही. पण एक वेगळी गाठ आहे, ती नंबरची. बँक खातं, आधार, पीएम किसान, फार्मर आयडी, सगळं त्या दहा आकड्यांना जोडलेलं. लाडकी बहीणची ई-केवायसी आली तर बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, अन् नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. नंबर बंद पडलेला असेल तर सेतू केंद्रावर चकरा मारा. म्हणून २०१६ साली लोकांनी जिओचं सिम दुसरं म्हणून घेतलं, जुनं सोडलं नाही. गावातली मागणी अशीच असते. नवं घेतात, पण जुन्याचा धागा तोडत नाहीत.

तरी माणूस हलतो, अन् तो कधी हलतो हे जुलै २०२४ नं दाखवलं. ३ आणि ४ तारखेला तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्या एका महिन्यात बीएसएनएलला देशभरात २९ लाखांच्या आसपास ग्राहक वाढले अन् तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. पण वर्ष संपेपर्यंत बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा कमी व्हायला लागले. दरानं माणूस आणला, पण रेंजनं त्याला परत पाठवलं. किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा देगलूर-देवणीच्या सीमेवर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

आता २०२५ चा हिशोब. रोज दीड जीबीचं २८ दिवसांचं साधं पॅक जिओकडं २९९ रुपयांना होतं. वर्षाला १३ वेळा, ३८८७ रुपये. घरात तीन फोन असले तर ११ हजार ६६१. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता, म्हणजे दोन क्विंटलच्या वर सोयाबीन नुसतं रिचार्जमध्ये. तेही हमीभाव मिळाला तर. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं नांदेड-लातूरचं सोयाबीन पाण्यात गेलं, उरलेलं बाजारात हमीभावाच्या खाली विकलं गेलं. अशा साली माणूस नवा फोन घेत नाही. तो घरातलं एखादं रिचार्ज बंद करतो, अन् बहुतेक घरांत ते बाईचं किंवा म्हाताऱ्या माणसाचं असतं. खरी चिंता इथंच आहे. ज्या नंबरवर अनुदानाचा ओटीपी यायचा, तोच आधी बंद पडतो. ९० दिवस वापर नसला तर नंबर कायमचा जाऊ शकतो.

स्वस्तातला बटणाचा ४जी फोन हा एक मार्ग आहे. जुलै २०२३ मध्ये जिओभारत ९९९ रुपयांत आला, रिचार्ज २८ दिवसांना १२३. बोलायला, पैसे पाठवायला पुरतो. पण त्यातही दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, अन् ई-पीक पाहणी त्यावर होत नाही, त्याला अँड्रॉइड लागतो. पेरा नोंदवायला शेवटी शेजाऱ्याचाच फोन मागावा लागतो. तेव्हा घरात एक तरी अँड्रॉइड चालू राहिला पाहिजे, बाकीचे स्वस्त चालतील.

बीएसएनएलकडं जायचा विचार असेल तर तीन गोष्टी आधी तपासा. पहिली, रेंज. गावठाणात अन् शेतात, दोन्हीकडं. कुणाचं तरी सिम आपल्या फोनात घालून दोन-चार दिवस बघा. दुसरी, फोन. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, त्याला फोनमध्ये बँड २८ लागतो. जुन्या स्वस्त फोनमध्ये तो नसेल तर टॉवर असूनही ७०० मेगाहर्ट्झवरचं नेट चालणार नाही. फोनच्या खोक्यावर नसलं तर दुकानदाराकडून बघून घ्या. तिसरी, नंबर. नवं सिम घेऊन जुनं फेकू नका, पोर्ट करा. पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज करायचा. कोड येतो, तो आपल्या भागात चार दिवस चालतो. मात्र सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. पोर्ट होताना काही तास सिम बंद राहतं, म्हणून केवायसीच्या शेवटच्या तारखेला हा उद्योग करू नका.

कंपन्या फोनच्या किमतीची जाहिरात करतात, कारण ती एकदाच द्यायची असते अन् छोटी दिसते. शेतकऱ्यानं मात्र वर्षाचे १३ रिचार्ज मोजावेत, बियाण्याच्या पिशवीसोबत खताचाही खर्च मोजतो तसे. ज्या कंपनीची रेंज बांधावर येते अन् जिचं रिचार्ज पडत्या सालातही झेपतं, तिच्याकडंच गाव टिकून राहील.