विक्री झाली, पण नोंद कुठे आहे?

घरच्या घरी गोडा मसाला, मेतकूट, भाजणी तयार करून ती इंटरनेटवरून देशभर विकणाऱ्या गृहिणी आज गावोगावी आहेत. माल चांगला असतो, पॅकिंग नेटके असते, रोज दोनतीनशे रुपयांची जाहिरातही दिली जाते. महिनाअखेरीस मात्र हिशेब जुळत नाही. समजा, महिन्यात ६० ऑर्डरी आल्या आणि जाहिरातीच्या अहवालात विक्री दिसली फक्त ३५. लगेच घरातली मंडळी म्हणतात, ‘‘कशाला पैसे वाया घालवतेस? बंद कर ती जाहिरात.’’ बरेचदा ग्राहक आणून देणारी जाहिरातच अशी बंद पडते आणि निरुपयोगी जाहिरात चालू राहते. दोष मालात नसतो, जाहिरातीतही नसतो. तो असतो नोंद ठेवण्याच्या पद्धतीत.

नोंद हरवते कशी?

ऑनलाइन दुकानाच्या पानांवर जाहिरात कंपनीचा एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. त्याला पिक्सेल म्हणतात. तो ग्राहकाच्या मोबाइलमधील ब्राउझरमध्ये चालतो. खरेदी झाल्यावर ‘धन्यवाद’चे पान उघडले, की तो कंपनीला विक्रीची बातमी देतो. म्हणजे विक्री दुकानाची, पण तिची नोंद ग्राहकाच्या मोबाइलच्या भरवशावर!

या कामात पिक्सेलला कुकीची मदत होते. कुकी ही ब्राउझरमध्ये ठेवलेली लहानशी चिठ्ठी. ती १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी तयार केली. ग्राहकाने टोपलीत काय ठेवले हे लक्षात राहावे, एवढाच साधा उद्देश होता. पुढे जाहिरात कंपन्या तिच्या आधारे लोकांचा माग काढू लागल्या, तेव्हा ब्राउझर बनवणाऱ्यांनीच तिला आळा घातला. अ‍ॅपलच्या सफारीने २०१७ पासून आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये बंधने आणली. एप्रिल २०२१ पासून आयफोनवरील अ‍ॅपना असा माग काढण्यापूर्वी परवानगी विचारावी लागते.

आपल्याकडे आणखी दोन कारणे आहेत. ग्राहक पैसे देण्यासाठी यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पैसे गेल्याचे पाहतो आणि तिथूनच मोबाइल बाजूला ठेवतो. दुकानाचे ‘धन्यवाद’चे पान उघडतच नाही. पैसे जमा, नोंद गायब! कॅश ऑन डिलिव्हरीत याच्या उलट घडते. ऑर्डर देताच विक्री नोंदली जाते, आठवड्याने पार्सल परत येते, पण जाहिरातीच्या खात्यात ती विक्रीच राहते.

दुकानाची स्वतःची वही

यावरचा उपाय म्हणजे सर्व्हर-साइड ट्रॅकिंग. यात विक्रीची बातमी ग्राहकाचा ब्राउझर नव्हे, तर दुकानाचा स्वतःचा सर्व्हर देतो. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवेकडून सर्व्हरला निरोप येतो आणि सर्व्हर तो पुढे कळवतो. ग्राहकाने पान बंद केले तरी नोंद हरवत नाही. फेसबुक व इन्स्टाग्रामसाठी मेटाची कन्व्हर्जन्स एपीआय ही सोय आहे. गुगलने २०२० मध्ये टॅग मॅनेजरची सर्व्हरवर चालणारी आवृत्ती आणली. तिच्यासाठी सर्व्हरचे भाडे भरावे लागते. शॉपिफाय किंवा वूकॉमर्सवर दुकान असेल तर तयार जोडण्या मिळतात. छोट्या दुकानाने त्यापासूनच सुरुवात करावी.

जोडणी करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिक्सेल आणि सर्व्हर दोघेही एकाच विक्रीची बातमी देतात, तेव्हा ती दोनदा मोजली जाऊ नये. त्यासाठी दोन्हीकडून घटनेचे नाव आणि क्रमांक एकच जायला हवा. ऑर्डर क्रमांक यासाठी उत्तम.

ग्राहकाचा ईमेल आणि मोबाइल नंबर उघडा पाठवायचा नसतो. एसएचए-२५६ या पद्धतीने त्याचे ६४ अक्षरांचे सांकेतिक रूप करून पाठवतात. त्याआधी ईमेलमधील मोठी अक्षरे लहान करावीत, मोकळ्या जागा काढाव्यात आणि नंबरापुढे ९१ लावावा. एका अक्षराचा फरक पडला तरी संकेत पूर्ण बदलतो आणि ओळख जुळत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल घरी पोहोचले, की ‘पोहोचले’ अशी वेगळी नोंद पाठवता येते. मात्र वेबसाइटवरील ७ दिवसांपेक्षा जुनी घटना मेटा स्वीकारत नाही, म्हणून नोंदी साठवून ठेवू नयेत. जोडणीसाठी मिळणारा गुप्त टोकन म्हणजे दुकानाची किल्लीच. तो कुणालाही वाचता येईल अशा पानावर कधीही ठेवू नये. शेवटी स्वतः एक ऑर्डर देऊन नोंद बरोबर उमटते का, ते पाहावे.

ग्राहकाच्या नकाराचे काय?

इथे एक नाजूक प्रश्न येतो. ब्राउझरमधील पिक्सेल ग्राहक स्वतः अडवू शकतो. सर्व्हरवरून जाणारी माहिती त्याला दिसत नाही आणि अडवताही येत नाही. सांकेतिक रूप केले म्हणजे ओळख पुसली गेली, असेही नाही. तोच नंबर कंपनीकडे असेल तर तिला माणूस ओळखता येतो. म्हणून ग्राहकाचा नकार पाळण्याची जबाबदारी आता सर्वस्वी दुकानदारावर येते.

कायदाही हेच सांगतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती स्पष्ट हवी आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे हवे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ठेवावी लागते. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे.

तेव्हा सर्व्हरने आधी संमती तपासावी आणि मगच माहिती पाठवावी. ग्राहकाने नकार दिला तरी त्याचा मसाला वेळेवर पोहोचायलाच हवा. औषधे किंवा आरोग्याशी संबंधित वस्तू असतील तर त्यांची नावे बाहेर पाठवूच नयेत. खरेदी करणाऱ्यांनीही अशी सूचना दुकानाच्या पानावर आहे का, हे पाहण्याची सवय लावावी.

ही सोय केली तरी आकडे शंभर टक्के जुळतील, अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक विक्री जाहिरातीमुळेच होते, असे थोडेच आहे! दर महिन्याला बँकेचे खाते, ऑर्डरींची वही आणि जाहिरातीचा अहवाल समोरासमोर ठेवावेत. ६० ऑर्डरी असताना अहवालात ५० दिसल्या तर काळजीचे कारण नाही. ७० दिसल्या, तर विक्री कुठेतरी दोनदा मोजली जात आहे, हे समजावे आणि जाहिरातीवर आणखी पैसे घालण्याआधी ती चूक शोधावी.